दाणीकाकूंचं बदक आणि काकांची खिडकी

बालाघाटच्या कॉलेजात मला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, तेव्हा वर्ध्याहून एक बॅग, एक गादी आणि आईनं दिलेला कुकर घेऊन मी तिथे उतरले. दाण्यांकडे वरची खोली रिकामी आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. फाटकाची कडी वाजवली, तर आतून बाईमाणसाचा आवाज आला, "लाइनवर राहा!"

मी राहिले. तो आवाज ऐकून कोणीही राहिलं असतं. गोड म्हणावा असा नव्हता. पण त्यातला प्रत्येक शब्द झटकून वाळत घातल्यासारखा वेगळा आणि स्वच्छ ऐकू येत होता. अशा आवाजाची बाई उंचपुरी असेल असं मला वाटलं. बाहेर आल्या त्या माझ्या खांद्याला लागतील एवढ्याशा. गोल चेहरा, जाड भिंगांचा चष्मा, एका हाताला कणीक आणि दुसऱ्या हातात पेचकस.

"बोला," त्या म्हणाल्या.

दाणीकाकू कधी 'कोण' किंवा 'काय पाहिजे' विचारत नसत. 'बोला' म्हणत, आणि मग मान थोडी कलती करून डावा कान तळहातानं झाकून ऐकत. मला आधी वाटलं, कान दुखत असेल. मग कळलं की ही बाई टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर उमेदीची सगळी वर्षं बसलेली आहे. बाहेरगावी बोलायचं तर कॉल मागून ठेवावा लागे त्या काळातली गोष्ट. बालाघाटातून कोणाला जबलपूरला बोलायचं असलं की काकू आधी स्वतः जबलपूरच्या ऑपरेटरशी बोलत, तारा जोडत आणि मग म्हणत, "बोला." थेट नंबर फिरवायची सोय आली, बोर्ड बंद झाले, काकूंनी लवकर निवृत्ती घेतली. कानावरचा हेडफोन गेला, पण हात आपली जागा सोडायला तयार नव्हता.

त्या नोकरीच्या आणखीही काही खुणा घरभर होत्या. कोणाचं बोलणं लांबलं की काकू मध्येच म्हणत, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" हे त्या भाजीवाल्याला म्हणत, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना म्हणत आणि काकांना तर रोजच म्हणत. काका म्हणजे न्यायालयातून रीडर म्हणून निवृत्त झालेले उंच, सडपातळ, सावकाश गृहस्थ. साहेबांपुढे फायली ठेवण्यात आणि पक्षकारांचा पुकारा करवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे ते घरातही निकाल लिहून घेतल्यासारखे बोलत. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणत, "मिठाबाबत तक्रार आहे. नोंद घेण्यात यावी."

"घेतली," काकू म्हणत. "पुढची तारीख उद्याची."

मी गेले ती दोन हजार दोन-तीनची वर्षं. बालाघाटात कॉम्प्युटर म्हणजे क्लासमध्ये जाऊन बघायची वस्तू होती, आणि दाण्यांच्या घरात दोन होते. बैठकीतला काकांचा. त्यांना पत्रिका करायचा छंद होता आणि पत्रिकेचा प्रोग्राम चालतो म्हणून त्यांनी तो घेतला होता. त्यात विंडोज होतं. मागच्या खोलीतला काकूंचा. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, नितीननं, स्वतःचा जुना खोक्यात भरून पाठवला होता. त्यात लिनक्स होतं आणि सुरू करताना पडद्यावर एक पेंग्विन येई. काकूंच्या मते ते बदक होतं.

"पेंग्विन आहे काकू," मी म्हटलं.

"तू पाह्यलं का कधी पेंग्विन?"

"नाही."

"मीबी नाई पाह्यलं. बदक पाह्यलं आहे. मंग बदकच."

तेव्हापासून त्या घरात एका कॉम्प्युटरचं नाव बदक आणि दुसऱ्याचं नाव खिडकी. दोघांच्या मध्ये स्वयंपाकघर.

काकूंना हे सगळं कशाला हवं होतं, ते मला कळायला काही महिने गेले. एका दुपारी चिन्नोर तांदळाचा भात उतरवताना, घरभर त्याचा वास पसरलेला, त्या आपण होऊन बोलल्या. जबलपूरच्या बोर्डावर विमल नावाची ऑपरेटर होती. मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या जबलपूरची. जबलपूरची लाइन आणि बालाघाटची लाइन रोज एकमेकींना लागायच्या, आणि कॉल नसले की या दोघी बोलायच्या. सासूबद्दल, लोणच्याबद्दल, साहेबाबद्दल. वर्षानुवर्षं. एकमेकींना कधी पाहिलं मात्र नाही.

"कधीच नाही?" मी विचारलं. "जबलपूर काही लंडन नाही."

"जायचं जायचं म्हणत राह्यलो. छोट्या गाडीनं जा तं दिवस जाते. सुट्टी मले भेटे तं तिले नाई, तिले भेटे तं मले नाई. आन् रोज बोलून तं राह्यलो होतो ना. भेटायचं काय काम?"

मग त्यांनी नितीनच्या जन्माची गोष्ट सांगितली. पुढे ती मी इतक्या वेळा ऐकली की मला पाठ झाली. दिवस भरलेले, तरी काकू ड्यूटीवर. बोर्डावर बसल्या बसल्या कळा सुरू झाल्या. काकूंनी कोणाला सांगितलं नाही, पण विमलला तिकडे आवाजावरून कळलं. ती म्हणाली, "शकू, तेरी आवाज बदली हुई है. काय होतंय?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं जबलपूरहून बालाघाट कोर्टाचा अर्जंट कॉल लावला.

"आन् तो कॉल जोडला कोणं?" काकू इथे थांबून विचारत.

"कोणी?"

"मीच की! बोर्डावर दुसरं होतं कोण? पोट धरून मीच कोर्टाले लाइन देल्ली. मी ऐकून राह्यली आन् विमल यांले म्हणते, तुमची बायको तिकडं बाळंत होते आणि तुम्ही पुकारा करत बसलाय? निघा!"

"त्या दिवशी कामकाज तहकूब करावं लागलं," काका बैठकीतून म्हणत.

बोर्ड बंद व्हायच्या दिवशी दोघी 'पुन्हा बोलू' म्हणाल्या आणि लाइन सोडली. विमलची दुसऱ्या विभागात बदली झाली, पुढे तिचे यजमान वारले, घर सोडलं, मुलाकडे गेली म्हणे. कोणत्या गावी, ते जबलपूरच्या ऑफिसातही कोणाला सांगता येईना. काकूंनी नाना ठिकाणी फोन केले. सगळ्या जिल्ह्याला एकमेकांशी जोडून देणाऱ्या बाईला आपली एक मैत्रीण जोडता येईना, याचा त्यांना राग यायचा. रडू नाही, राग. नितीननं कधीतरी फोनवर सांगितलं, की आई, वेबसाइट केली तर जगात कुठूनही कोणीही बघू शकतं. झालं. काकूंनी कॉम्प्युटरचा क्लास लावला. कॉलेजातल्या पोरींच्या रांगेत या बसत आणि शंका आली की वर्गात मोठ्यानं 'लाइन साफ नाई' म्हणत.

वेबसाइट बदकावर तयार व्हायला लागली. नाव ठेवलं, 'बालाघाट बोलून राह्यलं'. नितीन म्हणाला, "आई, शुद्ध लिही ना, बाहेरचे लोक वाचतील."

"मी शुद्ध कधी बोलली का रे? मंग लोकाईले कसं समजंल का मीच आहे म्हून?"

गाव सोडून गेलेल्या बालाघाटकरांसाठी ती साइट होती. त्यात जुन्या टेलिफोनच्या इमारतीचा फोटो, स्टेशन, नॅरोगेजच्या छोट्या गाडीचं इंजिन, बाजार, वैनगंगेचा घाट. पण नितीननं एक गोम सांगून ठेवली होती. तुझ्या मशीनवर नीट दिसलं म्हणजे सगळ्यांच्या मशीनवर दिसेल असं नाही. बहुतेक लोकांकडे बाबांसारखं मशीन आहे, म्हणून आधी तिथे बघ. आणि दर वेळी इंटरनेटवर चढवून बघायचं म्हणजे टेलिफोनची लाइन तासन् तास अडकणार. एवढा वेळ फोन अडवून ठेवणं काकूंच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून सुरुवातीला फ्लॉपी. बदकावरून फ्लॉपीत, फ्लॉपी घेऊन स्वयंपाकघर ओलांडून बैठकीत, खिडकीत घालून बघायचं, मग मागे. निम्म्या वेळा फ्लॉपीच उघडत नसे. शेवटी एके दिवशी काकू स्वयंपाकघराच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी ऑपरेटर का पोस्टमन?" त्यांनी विचारलं. "दोन मशीन एका घरात. मधात तार टाकून देते."

क्लासच्या सरांकडून दोन नेटवर्क कार्डं आली. नितीननं फोनवर सांगितलं तशी दोन्हींत बसवली. तार आली. ती मागच्या खोलीतून निघून स्वयंपाकघराच्या झरोक्यातून, देवघराच्या दारावरून बैठकीत गेली. काकांनी देवावरून तार नेण्याबद्दल हरकत घेतली.

"देवाले बी पाहू द्या काय चाललं ते," काकू म्हणाल्या, आणि हरकत फेटाळली गेली.

तार लावली आणि काहीच झालं नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळख दाखवेनात. रविवारी सर स्वतः आले, तारेचं एक टोक उजेडात धरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ही तार 'हब' नावाच्या मधल्या पेटीला जोडायच्या जातीची होती. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर तारेच्या एका टोकाच्या आतल्या रंगीत तारांची अदलाबदल करावी लागते. ते कागदावर आकृती काढून समजावत होते, मी बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. काकूंनी कानावर हात ठेवून सगळं ऐकलं.

"म्हणजे असं का सर," त्या म्हणाल्या, "का यानं याच्या तोंडाची तार त्याच्या तोंडाले लावली आन् कानाची कानाले? दोघंबी बोलून राह्यले, ऐकते कोणी नाई?"

सर हसायला लागले. म्हणाले, "मॅडम, बिलकुल यही है. उद्यापासून क्लासमध्ये हेच सांगतो."

"माह्यं नाव सांगजा मंग."

सरांनी चिमट्यानं नवं टोक दाबून दिलं. आता दोघांना नंबर द्यायचे होते, कारण नंबराशिवाय हाक मारता येत नाही. काकूंचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. "यायलेबी नंबर असते?" त्यांनी दोनदा विचारलं. बदकाला एक नंबर, खिडकीला त्याच्या पुढचा. काकूंनी बदकावर बसून खिडकीचा नंबर दाबला. पडद्यावर एक ओळ आली, मग दुसरी, मग भराभर ओळींवर ओळी. तिकडून उत्तर येत होतं.

"उचलला!" काकू ओरडल्या. "अवो, तुमच्या खिडकीनं फोन उचलला!"

"मी काही केलेलं नाही," काका घाबरून बैठकीतून म्हणाले. "मी फक्त बसलेलो आहे."

त्यानंतर त्या घराला जो रंग चढला तो मी वरून जिन्यात बसून कितीतरी संध्याकाळी ऐकला. काकू मागच्या खोलीत बदकावर लिहीत, काकांना खिडकीवर पान उघडायला लावत, आणि मग स्वयंपाकघर ओलांडून ओरडाओरड चाले. काकांना तपासनीस नेमलं होतं. काम त्यांना मनापासून आवडत होतं, पण ते तसं कबूल करत नसत.

"काय दिसून राह्यलं?"

"डबे."

"कायचे डबे?"

"चौकोनी, रिकामे. पहिल्या ओळीत डबे, दुसऱ्या ओळीत डबे, तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह. एकही मराठी अक्षर रेकॉर्डवर नाही."

खिडकी जुनी होती, तिला ती मराठी अक्षरं कळत नव्हती. बदकावर तेच पान सुरेख दिसे. काकूंनी चार-आठ दिवस झटापट केली, नितीनशी फोनवर भांडल्या, आणि मग एका कोऱ्या कागदावर काळ्या शाईनं स्वतःच्या हातानं सगळा मजकूर लिहून काढला. फोटो स्टुडिओतून त्या कागदाचंच चित्र करून आणलं आणि साइटवर टाकलं. आता खिडकीला वाचता येवो न येवो, चित्र तर दिसणारच. अशा रीतीनं 'बालाघाट बोलून राह्यलं' ही बहुधा सबंध इंटरनेटवरची एकमेव साइट असावी, जी ठळक, उजवीकडे कललेल्या बायकी अक्षरात हातानं लिहिलेली होती. 'छ' चुकला होता, तो खोडून वर पुन्हा लिहिलेला होता. तोही तसाच जगापुढे गेला.

मग फोटो. खिडकीवरून तपासले तर सगळे दिसत, आणि बदकावर जाऊन तेच पान उघडलं तर निम्मे गायब. दोन दिवसांनी कारण सापडलं. काकांनी खिडकीवर फोटोंना इंग्रजीत नावं देताना काही अक्षरं मोठ्या लिपीत, काही लहान लिपीत लिहिली होती. खिडकीला त्याचं काही वाटत नसे. बदक मात्र नावात एक अक्षर लहानमोठं झालं तरी फोटो देत नसे.

"तुमची खिडकी बेशिस्त आहे," काकूंनी जाहीर केलं. "कोणीबी कसाबी आवाज देल्ला का धावत येते. माह्या बदकाले पूर्ण नाव पायजे."

"बदक तांत्रिक मुद्द्यावर अडवणूक करत आहे," काका म्हणाले.

"तीन मिनिटं झाली."

एकदा सबंध दिवस तार बंद पडली. कार्डं काढून पुसली, नंबर पुन्हा दिले, सरांना बोलावणं धाडलं. सर स्वयंपाकघरात शिरले आणि वर बघून थांबले. झरोक्याच्या जरा अलीकडे, तारेवर काकांचा ओला पंचा पसरून वाळत घातलेला होता. त्याच्या ओझ्यानं तार ताणली जाऊन काकांच्या कॉम्प्युटरमधून निसटली होती. काका शांतपणे म्हणाले, "दोरी रिकामी दिसली." काकू त्या दिवशी इतक्या हसल्या की चष्मा काढून टेबलावर ठेवून त्यांना खाली बसावं लागलं.

साइट तयार होत आली आणि काकू एकदम गप्प झाल्या. दोन-तीन दिवस बदक सुरूच केलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "पोरी, एक गोष्ट ध्यानातच नाई आली. विमलनं हे उघडलं बी, तं तिले कसं समजंल मी आहे म्हून? माह्यं तोंड तिनं पाह्यलं नाई. अक्षर पाह्यलं नाई. तिले माह्यं काय ठाऊक आहे?"

"नाव?"

"दाणी काय एकच आहेत का? आन् तिच्यासाठी मी नुसती शकू."

आणि काकूंचा हात आपोआप कानावर गेला. मी तो जाताना बघत होते. तिथेच तो थांबला.

"आवाज!" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक छोटा माइक आला. काकूंनी दार लावून घेतलं. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग खाकरणं, मग पुन्हा काही नाही. सरावलेला आवाज ऐनवेळी त्यांना सापडेना असं वाटत होतं. अखेर दार उघडलं, त्या घामाघूम बाहेर आल्या आणि बैठकीकडे तोंड करून म्हणाल्या, "अवो, उघडून पाहा. खाली टेलिफोनचं चित्र आहे, त्याच्यावर दाबा."

काकांनी दाबलं. खिडकी म्हणाली, ही वस्तू कशानं उघडायची ते मला ठाऊक नाही.

बदकानं ज्या तऱ्हेनं आवाज साठवला होता, ती तऱ्हा खिडकीला कळत नव्हती. पुन्हा पुण्याला फोन, पुन्हा नितीन. त्यानं सांगितल्याप्रमाणे काकूंनी आवाज दुसऱ्या तऱ्हेनं साठवून दिला. तो साठवायला मागची खोली पुन्हा बंद. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते, तिथून बैठक दिसते. काकांनी दाबलं. थोडी खरखर झाली, आणि मग काकांच्या टेबलावरच्या डब्याएवढ्या स्पीकरमधून एक बाई बोलली. काकूंपेक्षा तरुण वाटावी अशी, घाईतली, हसरी.

"हॅलो जबलपूर, बालाघाट बोल रही हूँ. विमल, आहेस का लाइनवर?"

काका उठून उभे राहिले. खुर्ची मागे सरकली, हात दोन्ही बाजूंना, साहेब कोर्टात शिरल्यावर राहत तसे. मागच्या खोलीतून काकू ओरडत होत्या, "ऐकू आलं का? अवो! ऐकू आलं का?"

"लग्नाआधी," काका मला म्हणाले, हळू, "साहेबांसाठी ट्रंक कॉल मागायचो मी. हा आवाज यायचा. पुढे स्थळ सांगून आलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं की हीच. पाहायच्या कार्यक्रमात तिनं 'चहा घ्या' म्हटलं, आणि मी पत्रिका न बघता हो म्हणून आलो." मग घसा साफ करून त्यांनी मोठ्यानं उत्तर दिलं, "ऐकू आलं. आवाज ग्राह्य धरण्यात येत आहे."

साइट इंटरनेटवर चढली. पत्रं यायला लागली, म्हणजे ईमेल. काकू ते एकगठ्ठा उतरवून घेत आणि लगेच लाइन सोडून देत. नागपूरहून, भिलाईहून, कोणी कुवेतहून. कोणाला आपलं दुकान फोटोत दिसलं होतं, कोणाला आपला बाप बाजारात उभा असलेला. काकू सगळ्यांना उत्तरं देत. एका माणसाला त्याचा शाळेतला मित्र शोधून दिला, एका बाईला तिच्या माहेरच्यांचा नवा नंबर. विमलचं काही येत नव्हतं. काकू त्याबद्दल बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. पावसाळा गेला, दिवाळी झाली.

मग एक दिवस इंदूरहून एका सूनबाईचं पत्र आलं. ती ऑफिसात कशाच्या तरी निमित्तानं बालाघाट शोधत होती. ही हस्ताक्षरातली साइट बघून तिला मजा वाटली, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर सासूबाईंना दाखवायला उघडली. टेलिफोनचं चित्र दाबलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. आवाज ऐकताच त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "जबलपूर बोल रही हूँ. अगं शकू, होतीस कुठे?" आणि कॉम्प्युटर पुढे काही बोलेना म्हणून सुनेवर चिडल्या. पत्राच्या शेवटी सासूबाईंचा निरोप होता: आता फोनवर नाही, येऊनच बोलते.

विमलताई इंदूरहून गोंदियामार्गे गाडीनं आल्या तेव्हा स्टेशनवर मी होते, कारण काकूंनी मला सोबत नेलं होतं. "मले वळखू नाई आली तं?" असं त्या वाटेत रिक्षात सारखं म्हणत होत्या. उतरल्या त्या बाई उंच, गोऱ्या, पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता मिठ्या, रडू, काही विचारू नका. तसलं काही झालं नाही. दोघी अवघडल्या. "बऱ्या आहात ना?" विमलताई म्हणाल्या. "हौ. प्रवास बरा झाला ना तुमचा?" काकू म्हणाल्या. तुमचा! मी ऐकतच राहिले.

घरी आल्यावरही तेच. चहा झाला, पोहे झाले, हवापाणी झालं. काकांनी दोनदा विनोद केला, दोघी सभ्यपणे हसल्या. समोरासमोर बसलेल्या या दोन अनोळखी म्हाताऱ्या बायका होत्या आणि त्यांना एकमेकींचा चेहरा नवा होता. काकू पदराशी चाळा करत होत्या. एवढा खटाटोप केला आणि आता हे असं संपायचं का?

तेवढ्यात काकू उठल्या. "चला, मशीन दाखवते," म्हणाल्या. विमलताईंना त्यांनी बैठकीत खिडकीसमोर काकांच्या खुर्चीवर बसवलं, त्यांच्यापुढे साइट उघडून दिली आणि स्वतः मागच्या खोलीत बदकापाशी गेल्या. मध्ये स्वयंपाकघर, दोन भिंती. मग मागून आवाज आला, जरा चढवून, तो जुना, घाईतला:

"काय दिसून राह्यलं?"

विमलताईंचा हात डाव्या कानावर गेला. "शकू," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "तुझा 'छ' चुकलाय गं."

"राहू दे. सासूबाई कशा गेल्या ते सांग. मधातच राह्यलं होतं."

आणि लाइन लागली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या बोलत होत्या. एक बैठकीत, एक मागच्या खोलीत, भिंतींकडे तोंड करून. काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाटाणे सोलत होते; दोन्हीकडचं सगळं त्यांच्यावरून जात होतं आणि ते एकही अक्षर बोलले नाहीत. तीन मिनिटं झाल्याचंही कोणी म्हटलं नाही. रात्रीच्या जेवणाला दोघी बाहेर आल्या तेव्हा एकाच ताटातली चटणी घेऊन 'कमी तिखट आहे' म्हणून एकमेकींशी भांडत होत्या.

विमलताई मग दर हिवाळ्यात येऊ लागल्या. मी आणखी दोन वर्षं तिथे होते. बदक म्हातारं झालं, काकांनी खिडकी बदलून नवी घेतली, साइटवर गावच्या मुलींनी केलेल्या रांगोळ्यांची पानं चढली. माझी बदली झाली तेव्हा काकूंनी मला चिन्नोर तांदळाची एक पिशवी दिली आणि "पोचली का खबर दे" एवढंच सांगितलं. निरोपाला त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत. विमलताई आल्या होत्या आणि दोघींना सकाळी घाटावर जायचं होतं.

माझी बस वारासिवनीकडे निघाली. वैनगंगेच्या पुलावर ती जरा हळू झाली आणि मी खिडकीतून खाली पाहिलं. घाटाच्या पायऱ्यांवर दोघी बसल्या होत्या, शेजारी शेजारी, पाण्याकडे तोंड करून. एक ठेंगणी, एक उंच. विमलताई हातवारे करत काहीतरी सांगत होत्या, आणि काकूंचंही त्याच वेळी बोलणं चालू होतं. दोघींपैकी कोणीच थांबत नव्हतं. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं.

बस पुलापलीकडे गेली, आणि मी तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन एकटीच हसत बसले.